धर्माद्याचं खातं

पुण्याहून पुतण्याचा फोन आला तेव्हा मी ब्रह्माघाटावरच्या आमच्या घराच्या गच्चीत काठी घेऊन माकडांपासून सांडगे राखत बसलो होतो. "काका, एक श्लोक हवाय," तो म्हणाला. "व्यापारातल्या सचोटीवर. अनुष्टुभ असला तर उत्तम, स्लाइडवर दोन ओळींत मावतो."

तो उद्योजकांच्या एका संघटनेत नोकरीला आहे. संघटनेने सचोटीची सनद तयार केली आहे. सभासदांनी लाच द्यायची नाही, कोणी मागितली तर संघटनेला कळवायचं आणि वर्षातून एकदा तसं सही करून द्यायचं. पहिल्या स्लाइडवर गंगेचा फोटो लागलाय, त्याखालची जागा रिकामी आहे. काशीत राहणाऱ्या माणसाच्या घरात श्लोक पडलेले असतात असा पुण्यातल्या लोकांचा समज आहे. तो तसा खोटाही नाही. दोन दिवसांत सांगतो म्हणून मी फोन ठेवला, त्याला आता तीन आठवडे झाले.

श्लोक आठवत नव्हता अशातला भाग नाही. आजोबा वाईकडून इथे वेद शिकायला आले ते परत गेले नाहीत. वडील पंचगंगा घाटाजवळच्या एका पाठशाळेत धर्मशास्त्र शिकवायचे. मी मात्र काशी हिंदू विश्वविद्यालयातून बी. कॉम. झालो आणि चाळीस वर्षं चौक आणि कुंजगलीतल्या साड्यांच्या गाद्यांची, म्हणजे पेढ्यांची, खाती लिहिली. 'या घरात लाभ हा शब्द लिहून पोट भरणारा तू पहिलाच,' असं वडील म्हणायचे. रागाने नव्हे, नोंद केल्यासारखं. आमचं मराठी काशीचं. पुण्याचे पाहुणे त्यात हिंदी शोधतात आणि त्यांना ती सापडतेही. पण रोजकीर्द, खतावणी, नावे, जमा हे शब्द मी मनातल्या मनात मराठीतच म्हणत आलो, बही हिंदीत असली तरी.

पहिला श्लोक जो ओठांवर आला तो तुलाधाराचा. महाभारताच्या शांतिपर्वात जाजली नावाचा तपस्वी आहे. तो इतका निश्चल उभा राहिला की पाखरांनी त्याच्या जटेत घरटं केलं, अंडी घातली, पिल्लं मोठी होऊन उडून गेली. मग त्याला वाटलं, मला धर्म साधला. तेवढ्यात आवाज आला की वाराणसीत तुलाधार नावाचा वाणी आहे, त्याची सर तुला नाही. जाजली रागारागात इथे येतो, तर हा सुगंधी द्रव्यं आणि रस विकत बसलेला. मद्य तेवढं विकत नाही. तुझा धर्म काय, असं विचारल्यावर तो आपल्या तराजूकडे बोट दाखवतो: माझा तराजू सगळ्या भूतांना सारखा. एवढ्या मोठ्या ग्रंथात एका दुकानदाराला ऋषीचा गुरू केलंय आणि त्याचं दुकान आमच्या गावात आहे. याहून नेमका श्लोक पुतण्याला मिळाला नसता. तरी मी तो पाठवला नाही. का, ते सांगायला मला थोडं मागे जावं लागेल.

आधी शब्दांचं सांगतो. चाळीस वर्षांत 'रिश्वत' हा शब्द मी एकाही बहीत लिहिलेला नाही. बनारसमध्ये तिला सुविधा शुल्क म्हणतात. नाव इतकं सरकारी आहे की पावती मागावीशी वाटते. बहीत ती 'विविध खर्च' होऊन येते, हमाली होऊन येते, बट्ट्यात जिरते. १९९८ साली प्राप्तिकर कायद्याच्या कलम ३७ ला एक स्पष्टीकरण जोडलं गेलं की गुन्हा ठरेल अशा कामासाठी केलेला खर्च धंद्याचा खर्च म्हणून वजा मिळणार नाही. आणि हे १ एप्रिल १९६२ पासूनच असं होतं, असं समजायचं. छत्तीस वर्षं मागे जाऊन लागलेलं ते सोयर मी माझ्या अशिलांना समजावून सांगितलं तेव्हा एकाने विचारलं होतं, "म्हणजे दरम्यान मेलेल्यांचं काय?" युरोपही काही सोवळ्यात नव्हता. जर्मनीत परदेशी अधिकाऱ्यांना दिलेली लाच १९९९ पर्यंत करातून वजा करता यायची आणि तिला तिकडे 'उपयुक्त खर्च' असं नाव होतं. उपयुक्त खर्च आणि सुविधा शुल्क, दोघं सख्खे भाऊ.

आता ती गोष्ट. नव्वदीच्या दशकातली आहे. बाहेरून माल आणायचा तर एका खात्याकडून एक छापील फॉर्म घ्यावा लागे. खातं कोणतं ते लिहीत नाही. तिथली माणसं बदलली, फॉर्मही गेला. फॉर्म फुकट होता. खिडकीवर मात्र तो फुकट मिळत नसे. अकरा गाद्यांच्या मालकांनी मिळून एक मंडळी केली. तिचे प्रमुख एक वयोवृद्ध रेशीमवाले होते. सगळे त्यांना बाबूजी म्हणायचे, मीही तसंच म्हणतो. एका मंगळवारी संध्याकाळी बाबूजींच्या गादीच्या वरच्या खोलीत पांढऱ्या चादरीवर अकरा जण बसले. मध्ये गंगाजलाचा तांब्या, तुळशीची पानं, आणि ज्याची त्याची चालू सालची लाल बही. एकेकाने बहीवर हात ठेवून शपथ घेतली: माल अडला तरी चालेल, एक पैसा देणार नाही. अकरांपैकी चौघांची खाती माझ्याकडे होती म्हणून मलाही बोलावलं होतं. मी दाराशी बसून हे पाहिलं आणि खरं सांगतो, अंगावर काटा आला. काशीने असं पूर्वी केलेलं आहे. १८१० साली कंपनी सरकारने घरपट्टी बसवली तेव्हा लोहार, न्हावी, विणकर, हलवाई सगळ्यांनी काम बंद केलं, जातीजातींत धर्मपत्रं फिरली, हजारो लोक गावाबाहेर उघड्यावर जाऊन बसले, आणि शेवटी सरकारला तो कर सोडावा लागला. धरमपाल यांनी १९७१ च्या आपल्या पुस्तकात त्या वेळचे सरकारी कागदच छापलेत. मला वाटलं, तेच रक्त आहे.

बंगळुरूचं रेशीम ट्रान्सपोर्टच्या गोदामात येऊन पडलं. लग्नसराई तोंडावर. एकोणिसाव्या दिवशी बाबूजींच्या मुनिमाने माझ्याकडे दिवसाच्या चिठ्ठ्या दिल्या, त्यात एक होती: धर्मादा खाती नावे रुपये २,१००, मंदिर जीर्णोद्धार. कोणतं मंदिर ते नव्हतं. त्याच दुपारी बाबूजींचे फॉर्म आलेले मी पाहिले होते.

धर्मादा म्हणजे काय ते आजच्या मुलांना ठाऊक नसतं. बिलात मालाच्या किमतीबरोबर शेकड्याला काही आणे धर्मादा म्हणून गिऱ्हाइकाकडून घ्यायचे आणि ते गोशाळा, प्याऊ, पाठशाळा अशा कामांना द्यायचे, ही बाजाराची जुनी रीत. हा पैसा व्यापाऱ्याचं उत्पन्न आहे का, यावर हाथरसच्या बिजली कॉटन मिल्सचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि निकाल लागला: उत्पन्न नव्हे, व्यापारी तो विश्वस्त म्हणून बाळगतो. हा निकाल बाबूजींना मीच समजावून सांगितला होता. "म्हणजे हा पैसा माझा नाही," ते खूश होऊन म्हणाले होते. खूश झाले ते कर लागणार नाही म्हणून.

तर त्या पैशातून लाच गेली, जो त्यांचा नव्हता, आणि ज्या बहीवर हात ठेवून शपथ घेतली होती त्याच बहीत. आणि ती नोंद माझ्या अक्षरात आहे. मी चिठ्ठी परत करू शकलो असतो. मुनिमाला 'कोणतं मंदिर?' एवढं विचारू शकलो असतो. विचारलं नाही. एकनाथ महाराज देवगडावर जनार्दनस्वामींकडे हिशेब लिहायचे, एका पैची चूक सापडेना म्हणून रात्र जागवली आणि सापडल्यावर टाळी वाजवली, ही गोष्ट वडिलांनी मला पहिली नोकरी लागली त्या दिवशी सांगितली होती. तेच नाथ पुढे याच गावात भागवत पुरं करून गेले. त्या संध्याकाळी माझं पान पैपैशी जुळत होतं. टाळी वाजवायला हरकत नव्हती.

पुढच्या आठवड्यात आणखी दोन गाद्यांच्या चिठ्ठ्यांत मंदिर आलं. महिनाभरात अकराही जणांना फॉर्म मिळू लागले. मंगळवारची बैठक मात्र चुकली नाही. बाबूजी शपथेचा उल्लेख करायचे, सगळे मान हलवायचे, लस्सी यायची. कोणी कोणाला काही विचारलं नाही.

बौद्धांच्या जातककथांत एक कथा बनारसच्या दोन भागीदारांची आहे. एकाचं नाव पंडित, दुसऱ्याचं अतिपंडित. पाचशे गाड्या माल विकून आल्यावर अतिपंडित म्हणतो, माझं नाव मोठं, मला दोन वाटे. वाद वृक्षदेवतेपुढे न्यायचं ठरतं. अतिपंडित आधीच आपल्या बापाला झाडाच्या ढोलीत बसवतो. ढोलीतून आवाज येतो: अतिपंडिताला दोन वाटे द्या. पंडित काही बोलत नाही, ढोलीत पेंढा भरून पेटवून देतो आणि देवता अर्धवट भाजून फांदी धरून वर चढते. ही कथा मी नातवंडांना सांगतो तेव्हा ती हसतात. मला हसू येत नाही, कारण त्या ढोलीत मी बसलेलो आहे. हिशेबनीस, ऑडिटर, पुरस्कार देणाऱ्या समित्या, नीतीचं प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था, सगळ्यांनाच अतिपंडिताच्या बापाची जागा केव्हा ना केव्हा देऊ केली जाते. सत्यमच्या रामलिंग राजूंनी ७ जानेवारी २००९ रोजी हजारो कोटींचे आकडे खोटे असल्याचं पत्र लिहिलं. त्याच्या काही महिने आधीच कंपनीला उत्तम कारभाराचा गोल्डन पीकॉक पुरस्कार मिळाला होता, तो मग काढून घेतला. आणि १९९८ सालीच राहुल बजाज यांच्या पुढाकाराने सीआयआय या उद्योजकांच्या संघटनेने कंपन्यांच्या चांगल्या कारभाराची संहिता काढलेली होती. संहिता चांगलीच होती. ढोलीत पेंढा कोणी भरायचा हे मात्र संहितेत लिहिता येत नाही.

यावरून मी अशा संघटनांना नावं ठेवतोय असं पुतण्याला वाटेल. तसं नाही. एकट्या माणसाच्या सचोटीच्या गोष्टी या गावात मुबलक आहेत आणि त्यांचाच मला जास्त संशय येतो. हरिश्चंद्र घाटावरून जाताना दर वेळी मनात येतं: राज्य गेलं, बायको-मुलगा विकले, डोमाची चाकरी पत्करली, आणि स्वतःच्या मुलाचं प्रेत घेऊन आलेल्या बायकोकडेही त्याने मसणाचा कर मागितला. माफ करणं त्याच्या हातात होतं, बघायला कोणी नव्हतं. लहानपणी हे नाटक पाहून गांधीजींना वाटलं की सगळेच हरिश्चंद्र का होत नाहीत. पण गांधीजी गांधीजी होते. चौकातला दुकानदार तेच नाटक बघतो, डोळे पुसतो आणि मनाशी म्हणतो, खरेपणाला एवढी किंमत पडत असेल तर तो राजांनी करावा. इतकी महाग केलेली सचोटी फक्त पूजेला उरते. प्रेमचंदांना हे कळलं होतं. त्यांचं लमही गाव इथून थोड्याच अंतरावर आहे. 'नमक का दारोगा' मध्ये मोठ्यात मोठी लाच नाकारणारा दारोगा नोकरी गमावतो आणि ज्या सावकाराची लाच नाकारली तोच त्याला आपल्या मिळकतीचा कारभारी नेमतो. लोक याला सत्याचा विजय म्हणतात. मी आयुष्यभर मुनीम मंडळींत वावरलो. मला त्यात एवढंच दिसतं की व्यापाऱ्याला अधिकारी लाच घेणारा हवा असतो आणि कारभारी न घेणारा.

म्हणून एकट्याला न पेलणारं ओझं अकरा जणांत वाटून हलकं करायचं, ही कल्पना मला लहान वाटत नाही. १९६६ साली मुंबईत जे. आर. डी. टाटा, रामकृष्ण बजाज, अरविंद मफतलाल, केशुब महिंद्र अशा लोकांनी मिळून फेअर ट्रेड प्रॅक्टिसेस असोसिएशन काढली, आजची कौन्सिल फॉर फेअर बिझनेस प्रॅक्टिसेस. टंचाईचे दिवस होते. साठेबाजी, भेसळ आणि व्यापारी हे शब्द लोकांच्या तोंडी एकत्रच यायचे. तुम्हीच आपल्या घरात झाडू मारा, नाहीतर सरकार मारेल, असा तो काळ. त्याच्या दोन वर्षं आधी भ्रष्टाचारावरच्या संथानम समितीचा अहवाल आला होता आणि केंद्रीय दक्षता आयोग उभा राहिला होता. ती समिती नेमली होती गृहमंत्री असताना लालबहादूर शास्त्रींनी. ते गंगेपलीकडे मुगलसरायला जन्मलेले, काशी विद्यापीठात शिकलेले. १९६५ साली उद्योगांच्या सामाजिक जबाबदारीवर दिल्लीत परिसंवाद भरवणारे जयप्रकाशही इथलेच म्हणायचे. राजघाटावर गांधी विद्या संस्थान त्यांनीच उभं केलं. यातलं किती टिकलं हा वेगळा हिशेब आहे. पण व्यापाऱ्याने व्यापाऱ्याला विचारायचं, हा विचार मोठ्या माणसांनी गंभीरपणे केलेला आहे.

आमच्या मंडळीनेही चार वर्षांनी दुसरा प्रयत्न केला. या वेळी शपथ नव्हती, तांब्याही नव्हता. बाबूजी थकले होते आणि मंडळी त्यांच्या पुतण्याच्या हाती आली होती. तो हिशेबी पोरगा. त्याने एकच गोष्ट केली. अकराही गाद्यांचे अर्ज एकाच कारकुनाने, एकाच दिवशी, पोच घेऊन द्यायचे, आणि जिन्याच्या वळणावर एक काळा फळा. फळ्यावर गादीचं नाव, अर्जाची तारीख, फॉर्म मिळाल्याची तारीख. बस. एकाचा अर्ज अडवणं सोपं असतं, अकरांचा अडवला की फळा भरतो. एका वर्तमानपत्राचा वार्ताहर चहाला येऊन तो उतरवून घेऊ लागला. आणि ज्याच्या पुढची तारीख इतरांच्या आधी पडायची त्याच्याकडे बाकीचे दहा जण जिना चढता-उतरता बघायचे. दीडेक वर्ष हे चाललं. त्या दीड वर्षात माझ्या चार बह्यांत मंदिराचा जीर्णोद्धार झाला नाही.

वडील तेव्हा ऐंशीच्या घरात होते. मी त्यांना कौतुकाने हे सांगितलं आणि मनात होता तो प्रश्नही विचारला. ही माणसं एकमेकांच्या नजरेच्या धाकाने नीट वागतात, आतून काही बदललेलं नाही. याला धर्म म्हणायचं की सोय?

वडिलांनी याज्ञवल्क्यस्मृती मागवली. मिताक्षरेसकट. व्यवहाराध्यायातलं एक प्रकरण काढून दिलं: श्रेणी, गण, संघ यांनी आपापसांत केलेला करार, म्हणजे संविद किंवा समय, आणि तो मोडणाऱ्याची शिक्षा. संघाचं द्रव्य हडपणाऱ्याचं आणि करार मोडणाऱ्याचं सर्वस्व घेऊन त्याला राज्याबाहेर घालवावं, इतकी कडक. "चार जणांनी मिळून केलेला चांगला ठराव हाही धर्मच," ते म्हणाले. "तो पाळायला आतून बदलावं लागतं असं शास्त्र म्हणत नाही. आतलं बघायला विश्वनाथ आहे. तुम्ही फळा बघा." मला हे उत्तर फार आवडलं. अजूनही आवडतं. मनुष्य शुद्ध झाल्यावर व्यवहार शुद्ध होईल ही वाट पाहण्यात आपण किती पिढ्या घालवल्या! व्यवहार आधी शुद्ध करावा, मनाला त्याच्या मागून यायला वेळ लागेल तर लागू द्यावा.

मी पुस्तक मिटायला गेलो तर वडील म्हणाले, "पुढे जा. साठेक श्लोक पुढे." पुढे त्याच याज्ञवल्क्याने आणखी एक गोष्ट सांगितली होती. जे व्यापारी संगनमत करून कारू आणि शिल्पी यांना पीडा होईल असा भाव ठरवतात, त्यांना सगळ्यात वरचा दंड. "हीही मंडळीच," वडील म्हणाले. "एकत्र बसल्याशिवाय हे पापही होत नाही."

ते आणखी काही बोलले नाहीत. बोलायची गरज नव्हती, मी रोज संध्याकाळी ते बघत होतो.

गादीवर संध्याकाळी विणकर येतात. मदनपुऱ्यातून, पिलीकोठीतून, लोहत्याहून. काखेत कागदात गुंडाळलेली साडी. पंधरा-वीस दिवसांचं, कधी महिन्याचं काम. पांढऱ्या चादरीवर साडी उलगडली जाते. गादीवरचा माणूस किनारीवरून बोट फिरवत नेतो, हळूहळू, आणि कुठेतरी ते बोट थांबतं. 'दाग.' मी अनेकदा मान लांब करून पाहिलंय. कधी खरंच सूत तुटलेलं असे, कधी तेलाचा ठिपका असे, आणि कधी तिथे बोटाशिवाय काही नसे. मग कटौती. ठरलेल्या मजुरीतून चाळीस, साठ, शंभर रुपये कापायचे. विणकर एकदा म्हणतो, "सेठजी, देख लीजिए, साफ है," दुसऱ्यांदा म्हणत नाही. उरलेल्या पैशांचा पुढच्या तारखेचा चेक मिळतो, तो गल्लीतच कोणीतरी बट्टा कापून वटवून देतो. आणि ती दाग असलेली साडी? घडी घालून पूर्ण किमतीच्या ढिगात. दहा गाद्यांवर फिरला तरी कापणी जवळपास तेवढीच, कारण हे दहाही जण मंगळवारी एकत्र लस्सी पितात.

माझ्या खतावणीत कटौतीचं खातं होतं, जमेच्या बाजूला. बाबूजींची लाच 'मंदिर' म्हणून लपवावी लागली. कटौती कटौती म्हणूनच उघड लिहिली जायची, कोणाला तिची लाज नव्हती. फॉर्मसाठी जो पैसा वरच्याला द्यावा लागतो तो भ्रष्टाचार, खालच्याकडून जो घेतला जातो तो व्यवहार. शपथ घेतली तेव्हा त्या खोलीत अकरा मालक होते, मी होतो, लस्सीवाला होता. विणकर नव्हता. अब्दुल बिस्मिल्लाह यांची 'झीनी झीनी बीनी चदरिया' ही कादंबरी १९८६ साली आली, ती याच विणकरांवर. चौकातल्या किती गाद्यांवर ती वाचली गेली असेल? २००९ साली बनारसी साडीला भौगोलिक निर्देशांक मिळाला, नाव सुरक्षित झालं. बोट कुठे थांबतं त्यावर कोणताही निर्देशांक नाही.

आणि इथेच तुलाधाराची गोष्ट पुढे वाचावी लागते, जी स्लाइडवर मावत नाही. सारख्या तराजूची घोषणा करून तो थांबत नाही. बैलांची नाकं टोचून, त्यांना बडवून, न पेलणारी ओझी त्यांच्यावर लादून तुमचं धान्य घरी येतं, त्याचं काय, असं तो जाजलीला विचारतो. म्हणजे पारड्यात तो अशालाही बसवतो जो गिऱ्हाईक नाही, भागीदार नाही, तक्रार करू शकत नाही. त्यावर जाजली चिडून जे बोलतो ते मी चौकात हजार वेळा ऐकलंय: तराजू धरून तू हा जो धर्म चालवतोस त्याने लोकांचं पोटच बंद होईल. असं वागलं तर धंदा कसा चालायचा! तपस्वी जाजली, जटेत पाखरं वाढवणारा, अगदी गादीवरच्या माणसासारखं बोलतो. व्यासांनी हा संवाद लिहिताना कुंजगलीत थोडा वेळ काढला असणार.

परवा पुतण्याचा पुन्हा फोन आला. मी श्लोकाचं टाळून त्याला सनदेबद्दल विचारलं. नव्या कायद्याचं सगळं त्यात होतं. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार, जबरदस्तीने द्यावी लागली तर सात दिवसांत कळवायचं, कंपनीने प्रतिबंधाची पुरेशी व्यवस्था ठेवायची. मुलाने काम चोख केलंय. मग मी विचारलं, तुमच्या सभासदांना नट-बोल्ट पुरवणारे भोसरीचे छोटे कारखानदार आहेत, त्यांचे पैसे किती दिवसांनी देता? कायद्याने ४५ दिवस आहेत, २००६ पासून.

"काका, ते वेगळं खातं बघतं," तो म्हणाला. "पेमेंट्स. नीतीच्या सनदेत ते येत नाही."

"माल परत पाठवता, खोट आहे म्हणून पैसे कापता, ते?"

"ते पर्चेसवाले." मग जरा थांबून, "काका, श्लोक मिळाला का?"

काल मी माळ्यावर चढलो. गुडघ्यांनी नको म्हटलं तरी चढलो. बाबूजींची गादी केव्हाच बंद झाली, मुलं सुरतेला गेली. बह्या त्यांच्याबरोबर गेल्या, पण माझी कच्ची रोजकीर्द माझ्याजवळच होती, खारव्याच्या बासनात. वाळवीने कडा खाल्ल्या आहेत. ते पान सापडलं. शाई तपकिरी झालीय, अक्षर माझंच, तेव्हाचं सरळ आणि थोडं गर्विष्ठ. धर्मादा खाती नावे २,१००. तीनच ओळी खाली, जमा बाजूला, कटौती १८५. इतकी वर्षं मला पहिलीच ओळ आठवत होती. दुसरी त्याच पानावर आहे हे काल कळलं.

गादीच्या नावावर अंगठा ठेवून मी त्या पानाचा मोबाइलने फोटो काढला आणि पुतण्याला पाठवून दिला. सोबत काही लिहिलं नाही. निळ्या खुणा लगेच आल्या. मग बराच वेळ काही नाही. मी गच्चीत जाऊन आलो, माकडांनी एक सुपलं उलटं केलं होतं, ते नीट केलं.

परत आलो तर त्याचा निरोप होता. कटौतीबद्दल नव्हता.

"काका, हे मंदिर कोणतं?"

तीस वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी चष्मा पुसला आणि उत्तर लिहायला बसलो. अजून लिहितो आहे.